नेत्सुके घ्यायचंय? आधी उलटं करून पाहा

क्योतोच्या तोजी देवळात दर महिन्याच्या 21 तारखेला जुना बाजार भरतो, कितानो तेनमान्गू देवळात 25 तारखेला. तिथल्या एखाद्या टेबलावर लिंबाएवढा लाकडी बेडूक, पोटाशी दोन भोकं आणि शेजारच्या चिठ्ठीवर पाच आकडी येन असं काही दिसलं आणि तुमचा हात आपोआप पुढे गेला, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. जपानात नोकरीसाठी आलेली आपली मंडळी आणि सहलीला येणारे नातेवाईक मला असल्या छोट्या कोरीव वस्तूंबद्दल, म्हणजे नेत्सुकेंबद्दल, नेहमी विचारतात. उत्तर दर वेळी अर्धवट राहतं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

सुरुवातीलाच एक सांगते. लोककथांमधली पात्रं असलेलं नेत्सुके घ्यायचं असेल तर क्रम असा ठेवा: आधी गोष्ट, मग भोकं, मग माल (म्हणजे वस्तू कशाची बनलीय), मग कायदा आणि सगळ्यात शेवटी सही. बहुतेक जण नेमके सहीपासून सुरू करतात आणि फसतात.

1. वस्तू कशासाठी होती ते आधी समजून घ्या

किमोनोला खिसे नसतात. एदो काळात (1603 ते 1868) पुरुष तंबाखूची पिशवी, पैशांचा बटवा, औषधाची कप्पेवाली डबी म्हणजे इन्रो अशा गोष्टी दोरीने कमरपट्ट्याला, म्हणजे ओबीला, लटकवत. दोरी ओबीच्या आतून वर काढायची आणि ती खाली सरकू नये म्हणून वरच्या टोकाला जो छोटा ठोकळा बांधायचा, ते नेत्सुके. दोरीवर मधे एक मणी असतो, तो ओजिमे. तो वरखाली सरकवून डबी उघडायची किंवा बंद करायची.

व्यापाऱ्यांकडे पैसा आला, पण डामडौलावर सरकारी निर्बंध होते. मग हौस या छोट्या वस्तूवर निघाली. 1868 नंतर पाश्चात्त्य कपडे आले, खिसे आले, चिलमीऐवजी सिगारेट आली आणि नेत्सुकेचं काम संपलं. जुना माल युरोप-अमेरिकेत गेला आणि परदेशी गिऱ्हाइकांसाठी नवा बनू लागला. कधीच न वापरलेली, फक्त शोभेसाठी बनलेली नेत्सुके तेव्हापासूनची.

आकार साधारण 3 ते 5 सेंटिमीटर. पूर्ण आकृती असलेल्या प्रकाराला काताबोरी म्हणतात, चपट्या गोलाला मांजू, आणि ओबीत खोचायच्या लांबट प्रकाराला साशी. लोककथा हव्या असतील तर काताबोरीच बघा.

2. गोष्टी शिका, पैसे इथेच वाचतात

विक्रेत्याच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा "माणूस", "भिक्षू" किंवा "राक्षस" एवढंच लिहिलेलं असतं. तो कोण आहे हे तुम्हाला कळलं, तर कोरणाऱ्याने काय विनोद केलाय तेही कळतं आणि मूर्तीत काय मोडलंय, काय हरवलंय तेही. खांद्यावर बेडूक असलेला फाटका म्हातारा हा गामा सेन्निन (सेन्निन म्हणजे सिद्ध पुरुष). बेडूक नाही, पण खांद्यावर तुटल्याची खूण आहे? मग किंमत निम्म्यावर यायला हवी.

पहिल्या टप्प्यावर ही पात्रं ओळखता आली तरी पुष्कळ झालं:

कप्पा. नदीतलं पोराएवढं प्राणी-भूत. पाठीवर कासवाचं कवच, डोक्यावर पाण्याने भरलेली खोलगट बशी. सगळी ताकद त्या पाण्यात. कप्पा भेटला तर वाकून नमस्कार करायचा. तो सभ्य असल्यामुळे उलट वाकतो, पाणी सांडतं आणि तो लुळा पडतो. काकडी त्याची आवडती. शिंपल्यात पाय अडकलेला कप्पा हा कोरणाऱ्यांचा लाडका विषय होता.

शोकी आणि ओनी. शोकी म्हणजे दाढीवाला, तलवार घेतलेला, भुतं पकडणारा वीर; मुळात चिनी. ओनी म्हणजे शिंगं असलेले छोटे राक्षस. चित्रांत शोकी भारदस्त दिसतो. नेत्सुकेत मात्र ओनी त्याच्याच टोपीवर बसून वाकुल्या दाखवत असतो. मूर्ती फिरवल्याशिवाय हा ओनी दिसत नाही, म्हणून फक्त समोरून काढलेल्या फोटोवर विसंबू नका.

आशिनागा आणि तेनागा. एकाचे पाय लांबच लांब, दुसऱ्याचे हात. लांब हातांचा लांब पायांच्या पाठीवर बसतो आणि दोघे मिळून समुद्रात मासे धरतात. बारीक हातपाय पहिले मोडतात, त्यामुळे जोडकाम याच विषयात सर्वांत जास्त सापडतं.

तानुकी आणि किटली. तानुकी हा रानातला रूप बदलणारा प्राणी. बुन्बुकू चागामाच्या गोष्टीत तो चहाची किटली बनतो आणि चुलीवर ठेवताच त्याला पाय फुटतात. किटलीतून शेपूट आणि पंजे बाहेर आलेले दिसले की तेच.

कियोहिमे. आन्चिन नावाच्या भिक्षूवर भाळलेली मुलगी. तो पळून दोजोजी देवळाच्या घंटेखाली लपतो. ती नागीण होऊन घंटेला विळखा घालते आणि संतापाने घंटा तापून तो आत जळतो. ते देऊळ आजही वाकायामात आहे. काही नेत्सुकेत घंटेच्या फटीतून आतला इवलासा भिक्षू दिसतो.

जीभ कापलेली चिमणी. लोभी म्हातारी मोठी पेटी निवडते आणि पेटीतून भुतं निघतात. मागे कोलमडलेली म्हातारी आणि उघडलेली पेटी ही खूण.

यांखेरीज पीचमधून निघालेला मोमोतारो आहे, अंड्यातून बाहेर येणारा चोचीचा तेंगू, म्हणजे पक्ष्यासारखं डोंगरी भूत, आहे, भोपळ्यातून घोडा काढणारा चोकारो सेन्निन आहे. यादी संपणारी नाही.

आपल्याला काही ठिकाणी आयतीच मदत मिळते. माकड आणि मगरीची गोष्ट लहानपणी ऐकलीच असेल, "काळीज झाडावरच राहिलं" वाली. ती जातककथांमधून चीनमार्गे जपानात पोचली. तिथल्या एका रूपात समुद्राच्या राजाला माकडाचं काळीज हवं असतं, जेलीफिश गुपित फोडतो आणि शिक्षा म्हणून मार खाऊन त्याची हाडं जातात. समुद्री प्राण्याच्या पाठीवर माकड दिसलं तर आधी ही गोष्ट आठवा. सात भाग्यदेवतांमधली बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती, बिशामोन्तेन म्हणजे वैश्रवण कुबेर, आणि दाइकोकूचं मूळ महाकालात. फक्त दाइकोकूच्या पायाशी तांदळाची पोती आणि उंदीर असतात. उंदीर बघून गणपती समजू नका. गणपती जपानात कांगितेन नावाने आहे आणि त्याचं रूप वेगळं आहे.

डोळा तयार करायला क्योतोचं सेइशू नेत्सुके संग्रहालय उत्तम. जुन्या सामुराई वाड्यात आहे, 2007 साली उघडलं. तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात राजपुत्र ताकामादोंचा संग्रह आहे, पण त्यात भर आधुनिक कामावर. घरबसल्या न्यूयॉर्कचं मेट (मेट्रोपॉलिटन संग्रहालय), ब्रिटिश म्युझियम आणि लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयातला बुशेल संग्रह यांचे फोटो पाहता येतात. एकाच विषयाची वेगवेगळ्या हातांची कामं सलग बघा.

3. उलटं करा

आता मुख्य गोष्ट. विक्रेत्याला विचारा, "सावात्ते मो ई देस का?" म्हणजे हात लावू का. सहसा नाही म्हणत नाहीत. मग दोन्ही हातांत, टेबलाच्या अगदी जवळ धरा आणि पहिल्यांदा चेहऱ्याकडे न बघता खालची-मागची बाजू बघा.

दोरी ओवायच्या भोकांना हिमोतोशी म्हणतात. जुन्या, वापरातल्या नेत्सुकेत बहुधा एक भोक मोठं असतं, कारण दोरीची गाठ आत लपवायची असते. दोन्ही भोकांच्या मधल्या पट्टीवर दोरी घासून कडा गोल, गुळगुळीत झालेल्या असतात. बोट फिरवल्यावर कुठेही धार लागत नाही. दोन्ही भोकं सारख्या मापाची, ड्रिलने पाडल्यासारखी आणि कडा करकरीत असतील, तर वस्तू उशिराची किंवा नवी असण्याची शक्यता मोठी. कधी भोकं मुद्दाम पाडलेलीच नसतात. वाकलेल्या हाताच्या किंवा पायाच्या मधल्या पोकळीतून दोरी जाते. त्यात खोट काही नाही, उलट चांगल्या कारागिराचं ते कसब.

एक साधी चाचणी मी नेहमी करते. परवानगी घेऊन जाड सुती दोरा ओवायचा आणि टेबलापासून बोटभर उंचीवर नेत्सुके लटकू द्यायचं. वापरासाठी केलेली आकृती साधारण सरळ लटकते आणि तोंड बाहेर येतं. कललेली, तोंड पोटाकडे वळवणारी आकृती बघितली की शंका घ्या: ही मुळात शोभेची छोटी मूर्ती, म्हणजे ओकिमोनो असेल आणि भोकं मागाहून पाडलेली असतील. ओकिमोनो वाईट वस्तू नाही, पण नेत्सुकेच्या भावाने घ्यायची नाही.

झीज कुठे आहे तेही बघा. ओबीला टेकणारी पाठ, गुडघे, नाक, टाळू इथे झीज हवी; खोबणीत नको. चहाच्या पाण्यात किंवा रंगात बुडवून जुनी केलेली वस्तू बरोबर उलटी दिसते: सगळ्या खोबणी सारख्याच काळ्या आणि उंचवटे सारखेच फिके. शिवाय खरं नेत्सुके मुठीत टोचत नाही. किमोनोची रेशमी बाही अडकेल अशी टोकं वापरणारा माणूस ठेवणारच नाही.

बरोबर न्यायचं सामान थोडकं आहे: 10 पट मोठं दाखवणारं लूप, 365 नॅनोमीटरची छोटी यूव्ही टॉर्च, मोजपट्टी, जाड दोरा, मऊ फडकं. मोबाइलचा कॅमेरा असतोच.

4. माल ओळखा

लाकडात सर्वांत जास्त त्सुगे, म्हणजे बॉक्सवुड. हे घट्ट, रेषा जवळजवळ न दिसणारं लाकूड. नवं पिवळट असतं, वर्षांनी मधासारखं होतं. जपानी फण्या आणि शोगी या जपानी बुद्धिबळाच्या सोंगट्याही याच्याच. याशिवाय काळसर आबनूस आणि काळ्या शिरांचं पर्सिमन. ताकायामाला फिरायला गेलात तर इची, म्हणजे यू लाकडाचं छिन्नीचे सपाट घाव तसेच ठेवलेलं काम दिसेल. त्या शैलीचा मोठा कारागीर मात्सुदा सुकेनागा (1800 ते 1871).

लाकडावरचं एक तंत्र लूपखाली जरूर बघा. ते उकिबोरी. बेडकाच्या अंगावरचे फोड कोरून काढत नाहीत. बोथट हत्याराने लाकडात खळगे दाबायचे, मग आजूबाजूचा पृष्ठभाग त्या खळग्यांच्या तळापर्यंत तासायचा आणि शेवटी पाणी लावायचं. दाबलेले तंतू फुगून वर येतात आणि फोड तयार. त्यामुळे प्रत्येक फोड किंचित वेगळा आणि त्याच्या भोवती छिन्नीची खूण नाही. इसे भागातल्या मासानाओ घराण्याचे बेडूक यासाठीच प्रसिद्ध आहेत. साच्यातल्या रेझिनच्या बेडकाला एकसारखे फोड असतात, पोटाखाली किंवा बाजूला साच्याची शिवण सापडते आणि लूपखाली हवेचे बारीक बुडबुडे.

हस्तिदंतावर लूपखाली एकमेकांना छेदणाऱ्या कमानी दिसतात, हाडावर बारीक काळे ठिपके. यूव्ही प्रकाशात हस्तिदंत निळसर पांढरा चमकतो, बहुतेक रेझिन मंद राहतं. तापवलेली सुई टोचून बघा असा सल्ला जुनी माणसं देतात. कृपा करून असं करू नका: वस्तू खराब होते आणि दुकानदार हाकलतो ते वेगळंच.

5. कायदा: इथे चूक परवडत नाही

भारतात राहत असाल, किंवा कधी तरी सामान घेऊन परत जाणार असाल, तर हस्तिदंताचं नेत्सुके घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात 1986 च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा आणि 1991 च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. "शंभर वर्षं जुनं आहे" म्हणून व्यापाराला मोकळीक मिळत नाही.

सापळा असा की जपानात अंतर्गत विक्री चालते. दुकानदार निर्धास्तपणे "मोन्दाइ नाइ", काही अडचण नाही, म्हणतो. त्याला नसते, देशाबाहेर न्यायला साइट्स (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) करारानुसार परवाना लागतो आणि तो प्रश्न तुमचा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथला 2018 चा आयव्हरी कायदा 6 जून 2022 पासून लागू आहे आणि सबंध हस्तिदंताचं नेत्सुके विकणं जवळजवळ अशक्य झालंय. अमेरिकेत केंद्राचे नियम वेगळे आणि न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांचे आणखी कडक.

ऑनलाइन बाजारांनी हस्तिदंतावर बंदी घातल्यापासून विक्रेते तोच माल "हाड" किंवा "कृत्रिम हस्तिदंत" म्हणून टाकतात. फोटोत छेदणाऱ्या कमानी दिसत असतील आणि वर्णनात "बैलाचं हाड" असेल, तर तो बाजार सोडून द्या. पार्सल पकडलं गेलं तर वर्णन काय होतं हे कुणी ऐकून घेत नाही.

व्हेलचा दात, कासवाचं कवच, वालरसचा सुळा यांचीही हीच कथा. हरणाच्या शिंगाची नेत्सुके सुंदर असतात, तोक्योतल्या आसाकुसाच्या कोकुसाइ या कारागिराचं काम तर अफलातून. पण भारतात हरणाच्या शिंगांच्या व्यापारालाही बंदी आहे. हे शिंग जपानी सिका हरणाचं आहे, हे विमानतळावर कस्टम अधिकाऱ्याला पटवत बसायची हौस असेल तरच त्या वाटेला जा.

थोडक्यात लाकूड घ्या. चिनी मातीचं किंवा धातूचंही चालेल.

आणखी एक बाजू लोक विसरतात. भारताच्या 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत बसतात आणि ती व्याख्या फक्त भारतीय वस्तूंपुरती नाही. म्हणजे एदो काळातलं नेत्सुके भारतात आणलंत आणि पुढे परदेशी विकायला काढलंत, तर ते बाहेर पाठवताना अडेल. आणतानाचे कागद म्हणूनच जपायचे.

6. सही सगळ्यात शेवटी

1781 साली ओसाकात इनाबा त्सूर्यूने तलवारीच्या साजावर एक ग्रंथ छापला आणि त्यात पन्नासहून जास्त नेत्सुके कारागिरांची नोंद केली. क्योतोच्या तोमोतादाबद्दल लिहिताना, त्याच्या बैलांच्या नकला भरपूर होतात, हेही त्यात आलंय. म्हणजे तोमोतादाची खोटी सही ही आजची भानगड नाही, अडीचशे वर्षांची आहे. दुसरीकडे त्याच ग्रंथात गौरवलेला योशिमुरा शूझान आपल्या रंगवलेल्या लाकडी आकृत्यांवर सहीच करत नसे. त्यामुळे सही नाही म्हणजे कमी दर्जा, असं अजिबात नाही.

शिवाय एकच नाव अनेक जण वापरत. क्योतोचा मासानाओ वेगळा, इसेचे मासानाओ वेगळे, आणि ते पिढ्यानपिढ्या. लिलावाच्या यादीत "अमुक यांचं" आणि "अमुक अशी सही असलेलं" यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. दुसऱ्या प्रकारात लिलावघर फक्त अक्षरं वाचून दाखवतंय, जबाबदारी घेत नाहीये. माझं मत विचाराल तर पहिलं नेत्सुके बिनसहीचं, झिजलेलं, गोष्ट नीट कळणारं घ्या. प्रसिद्ध सहीचे पैसे द्यायची घाई कशाला?

7. प्रत्यक्ष खरेदी आणि कागद

देवळांतले बाजार बघायला आणि हात बसवायला छान. तोक्योत इंटरनॅशनल फोरमच्या आवारात ओएदो बाजार भरतो. तारखा आधी बघून जा, पावसात रद्द होतो. पण मोठी रक्कम घालायची तर पक्क्या दुकानातून किंवा नेत्सुकेचे वेगळे लिलाव करणाऱ्या घरातून. जपानात जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याला कोबुत्सुशो परवाना लागतो आणि त्याची पाटी दुकानात लावलेली असते. पाटी दिसली नाही तर विचारा.

लिलावात हातोडीच्या, म्हणजे शेवटच्या बोलीच्या, किमतीवर खरेदीदाराचं कमिशन चढतं, पुष्कळदा पाव हिश्शाच्या आसपास किंवा जास्त. वर पाठवणी, विमा, कस्टम. बोली लावण्याआधी हा हिशेब कागदावर करा.

ऑनलाइन घेताना सहा बाजूंचे फोटो, हिमोतोशीचा आणि सहीचा जवळून फोटो, शेजारी मोजपट्टी, आणि दुरुस्ती झालीय का याचं लेखी उत्तर मागा. भोकांचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी पुढे बोलायचंच नाही.

पैसे देताना हे कागद घ्या:

– पावती, म्हणजे र्योशूशो. तिच्यावर विक्रेत्याचं नाव, पत्ता, तारीख, किंमत.
– वस्तूचं वर्णन, माल आणि अंदाजे काळ. लाकूड असेल तर "त्सुगे लाकूड, हस्तिदंत नाही" असं स्पष्ट लिहून घ्या. डोळे किंवा बुबुळं शिंगाची बसवलेली असतील तर तेही.
– दोन-तीन छापील फोटो, मागे पावतीचा क्रमांक.
– खूप जुनी, महाग वस्तू असेल तर जपानच्या सांस्कृतिक व्यवहार संस्थेकडून निर्यातीसाठीचं प्रमाणपत्र. वस्तू संरक्षित यादीत नाही असं त्यात म्हटलेलं असतं.

भारतात नेताना नेत्सुके हाताच्या बॅगेत ठेवा आणि पावती वरच्या कप्प्यात. शुल्कमाफीची मर्यादा निघण्याच्या आठवडाभर आधी तपासा, ती बदलत असते. मर्यादेबाहेर असेल तर सरळ जाहीर करा.

8. घरी आणल्यावर

काचेच्या कपाटात दिव्याखाली ठेवू नका. उष्णतेने लाकूड तडकतं. एसीच्या झोतासमोरही नको. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बुरशी येते, म्हणून डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा, पण वस्तूला चिकटून नाही आणि उन्हाळ्यात काढून टाका. पाण्याने धुणं, ब्रासो, फर्निचर पॉलिश हे सगळं वर्ज्य. खोबरेल तर मुळीच लावू नका, खवट होतं आणि खोबणीत धूळ धरून बसतं. जपानी लोक कधी कधी कामेलियाच्या तेलाचा अगदी पुसटसा हात फिरवतात. तेही नव्या माणसाने न केलेलं बरं. स्वच्छ, कोरड्या हाताने अधूनमधून हाताळणं हीच त्याची निगा. उकिबोरीच्या फोडांवर मात्र ओलं फडकं कधीच फिरवू नका, पाणी लागलं की तंतू पुन्हा हलतात.

पावतीची एक प्रत डबीच्या तळाशी घडी करून ठेवा, दुसरी स्कॅन करून ईमेलवर. घर बदलताना डब्या हरवतात, कागद त्याहून आधी.